खोका बघून दर

"हा मॅक नाहीच. मग दर मॅकवाल्याचा कसा लावतोस?"

पुण्याच्या एका निर्मात्यानं हे मला माझ्याच खोलीत, माझ्याच घरचा चहा पिता पिता ऐकवलं. नाव घेत नाही, कामं अजून त्याचीच येतात. पण रात्री मिक्सिंगला बसलो आणि ते वाक्य आठवलं, की हात थांबतो आणि डोकं उठतं.

मी साताऱ्यात शाहूपुरीला राहतो. घरातल्याच एका खोलीत रेकॉर्डिंग करतो. भजनी मंडळं, शाळांची स्वागतगीतं, निवडणुका लागल्या की प्रचाराची गाणी; खरा पैसा त्यातच. बाकी मिक्सिंगचं काम पुण्याहून येतं आणि ते लॉजिक प्रोमध्ये येतं. लॉजिकचं प्रोजेक्ट लॉजिकशिवाय कशात उघडत नाही आणि २०२२ मध्ये तरी लॉजिक मॅकशिवाय कशावर चालत नव्हतं. पूर्वी ते विंडोजवरही होतं. २००२ मध्ये ॲपलनं इमॅजिक ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि विंडोजवाल्यांना वाऱ्यावर सोडलं. तेव्हापासून ज्याच्याकडे मॅक नाही त्याला काम नाही.

२०२२ च्या अखेरीस सर्वांत स्वस्त मॅक म्हणजे एम१ चा मॅक मिनी, ६४,९०० रुपये, रॅम ८ जीबी. नंतर वाढवायची म्हटली तर सोयच नाही. मी मिरजेच्या एका तानपुऱ्याचे नमुने स्वतः रेकॉर्ड करून ठेवलेत. एकेक तार, वेगवेगळ्या जोरानं छेडलेली, जवारीत फरक करून. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या भागात त्याआधीही कुणाला ते सांगावं लागत नव्हतं. शिकलगारांची ती कला. हत्यारांना धार लावणाऱ्या घरांतली माणसं दीडशे वर्षांपूर्वी वाद्यांकडे वळली. तर तो सगळा तानपुरा रॅममध्ये चढवायचा म्हणजे ८ जीबीत पहिली तारसुद्धा धड बसत नाही.

सांगलीत माझ्या थोरल्या बहिणीचं सासर. दाजींचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५), तेव्हा दुकानातला नवा माल सगळा पाण्यात गेला. त्यानंतर दाजींनी नव्या मालात पैसा घालणंच सोडलं. कंपन्यांमधून निघालेला जुना माल पुण्याहून आणायचा, पुसून-तपासून विकायचा. त्यांना मी अडचण सांगितली तर म्हणाले, "पावणं, मॅक कशाला घेताय? बनवू की. सर्व्हरचा माल पडलाय ढिगानं."

प्रोसेसर झिऑन ई५-२६८० व्ही४. चौदा कोअर. २०१६ मध्ये तो बाजारात आला तेव्हा त्याची किंमत १,७४५ डॉलर होती. मोठी सर्व्हर सेंटरं काही वर्षांनी यंत्रं बदलतात आणि जुनी लॉटमध्ये निघतात, त्यामुळे आम्हाला तो दोन हजारांच्या आत मिळाला. रॅमचंही तसंच. १६ जीबीच्या चार पट्ट्या, ईसीसी रजिस्टर्ड. ही रॅम साध्या डेस्कटॉपच्या बोर्डात चालत नाही, म्हणून तिला तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ती स्वस्त होती. (कुणी घेणार असेल तर पट्टीवरचा कागद नीट वाचून घ्या. जिच्यावर 'आर' असतो ती रजिस्टर्ड. दुकानदार 'सर्व्हर रॅम' म्हणून काहीही हातात देतात.) बोर्ड चिनी. वर 'एक्स९९' असं झोकात छापलेलं, आत चिपसेट मात्र कुठल्या तरी जुन्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमधून काढून बसवलेला. ग्राफिक्स कार्ड आरएक्स ५८०, कारण मोहावेपासून पुढच्या मॅकओएसला एनव्हिडियाची नवी कार्डं चालत नाहीत. आणि नेमकं १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद पडलं होतं, त्यामुळे रात्रंदिवस राबलेली ही कार्डं बाजारात पडेल भावाला आली होती. आमच्या कार्डाचा पंखा करकरत होता. दाजींनी स्टिकर उचलून दोन थेंब तेल सोडलं. काळा पत्र्याचा कॅबिनेट दुकानातलाच, पुराच्या गाळाची रेघ अजून त्याच्या पाठीवर आहे. सगळं मिळून बत्तीस हजारांच्या आसपास गेलं.

गंमत अशी की ॲपलनं हे झिऑन कधी वापरलेच नाहीत. २०१३ च्या मॅक प्रोमध्ये व्ही२ होता आणि पुढचा मॅक प्रो आला थेट २०१९ मध्ये, तोवर पिढ्या उलटून गेल्या. म्हणजे मॅकओएसनं आयुष्यात न पाहिलेला प्रोसेसर त्याच्या गळ्यात मारायचा. ते काम ओपनकोअर करतं. मॅकओएस जागं व्हायच्या आधी ते उठतं, प्रोसेसरची ओळख बदलून सांगतं आणि यंत्र २०१७ चा आयमॅक प्रो आहे असं ठोकून देतं. मॅकओएसच्या आत 'डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स' अशा नावाची एक फाइलच आहे. ती मॅकमधल्या एका चिपकडे किल्ली मागते. ती चिप आपल्याकडे नसते, म्हणून तिचं सोंग घेणारं एक सॉफ्टवेअर बसवावं लागतं. हे सगळं दाजींना इतकं आवडलं की ते दोन दिवस दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते.

मशीन चालू झालं, पण आजारी माणसासारखं. माउस सरकवला की बाण थबकायचा, मग उडी मारायचा. गाणं लावलं की मध्येच टक् टक्. आम्ही आधी कार्डावर संशय घेतला. मग रॅमच्या पट्ट्या आलटून पालटून पाहिल्या. मग यूएसबी, कारण मॅकओएस एका कंट्रोलरवर पंधराच पोर्ट मानतं आणि बाकीचे फेकून देतं. कशात काही नव्हतं.

दुखणं घड्याळाचं होतं. प्रत्येक कोअरमध्ये एक मोजणी अखंड चालू असते, टीएससी म्हणतात तिला. बोर्ड चालू होताना सगळ्या कोअरच्या मोजण्या सारख्या असायला हव्यात. आमच्या बोर्डावर त्या नव्हत्या. लिनक्स अशा वेळी हे घड्याळ नालायक ठरवून दुसऱ्यावर जातं. मॅकओएस तपासतच नाही, कारण ॲपलच्या स्वतःच्या मशीनमध्ये असं होतच नाही. चौदा टाळकरी आणि प्रत्येकाची लय आपापली, अशा भजनासारखी गत. उपाय काय, तर सीपीयू-टीएससी-सिंक नावाची एवढीशी फाइल. ती घातली, मशीन परत सुरू केलं आणि तानपुरा लावला. एक टक् नाही. मी तासभर नुसता षड्ज ऐकत बसलो. बहीण जेवायला हाका मारून मारून दमली.

साताऱ्याला आणल्यावर एक यूपीएस घेतला. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. जुना माल घेणाऱ्यांनी यूपीएसवर कंजुषी करू नये.

पुण्याच्या निर्मात्याचं काम लगेच सुरू झालं. भावगीतांचा एक संच होता. गाण्यामागे अडीच हजार ठरले. पहिल्या गाण्याच्या वेळी मी स्क्रीन शेअर केली. त्यानं कोपऱ्यातला मेनू उघडायला लावला, तिथं 'आयमॅक प्रो' दिसलं. "वा, आयमॅक प्रो घेतलास? मोठा माणूस झालास की!" मी हसलो. दुरुस्ती केली नाही, आजही करणार नाही. त्यानं मिक्स मागितला होता, मशीनचं बिल मागितलं नव्हतं.

पाच गाणी झाली, पसंत पडली, पैसे आले. मग कोल्हापूरला जाता जाता तो साताऱ्यात उतरला. कंदी पेढे घ्यायला आलो म्हणाला, बघू तरी खोली. वर आला, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "आयमॅक कुठाय?" मी टेबलाखालचा काळा डबा दाखवला. तो वाकला. गाळाच्या रेघेवरून त्यानं बोट फिरवलं.

मी सगळं सांगितलं. झिऑन, दाजी, ओपनकोअर. मला वाटलं होतं तो खूश होईल. निदान हसेल. तो खुर्चीवर बसला, चहाचा घोट घेतला आणि वरचं वाक्य बोलला.

मी म्हटलं, "दर कामाचा असतो ना?"

"तसं नाही रे. पण आवाजात फरक पडतोच."

मग मलाही चेव आला. त्याच्या बॅगेत मॅकबुक होता. म्हटलं, काढ. पाचव्या गाण्याचं प्रोजेक्ट त्याच्या मॅकबुकवर उघडलं. कोरस, फेझर असले दरवेळी वेगळे फिरणारे इफेक्ट दोन्हीकडे बंद केले, डिदरिंग बंद केलं आणि दोन्हीकडून २४ बिटची फाइल काढली. दोन्ही फाइली एकाखाली एक ठेवल्या आणि एकीची पोलॅरिटी उलटी केली. दोन्ही तंतोतंत सारख्या असल्या तर एकमेकींना खोडतात, काही उरत नाही. केसाएवढाही फरक असला तर तेवढाच ऐकू येतो. प्ले दाबलं. मीटर हललं नाही. व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला. स्पीकरची स्वतःची फुसफुस सोडली तर खोलीत काही नव्हतं. अख्खं गाणं आम्ही दोघांनी असं ऐकलं, साडेचार मिनिटं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण लायसन्सचं काय?"

आता लायसन्स. नियम माझ्या बाजूचा नाही, हे मला माहीत आहे. ॲपलचा करार सांगतो की मॅकओएस फक्त ॲपलच्या मशीनवर घालायचं. फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीनं २००८ मध्ये असली मशीन बनवून विकायला काढली, तर ॲपलनं कोर्टात खेचलं आणि २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूनं लागला. मी विकत नव्हतो, पण करार मोडला हे खरंच. म्हणून लायसन्सच्या मुद्द्यावर त्यानं काम काढून घेतलं असतं, तर मी एक शब्द बोललो नसतो. त्यानं काय केलं? म्हणाला, "उरलेली गाणी पंधराशेनं कर."

अडीच हजाराला जे बेकायदा ते पंधराशेला कायदेशीर कसं होतं? हजार रुपये कमी केले की करार पाळला जातो? हे मी त्याला विचारलं. शिवाय ज्याच्या स्टुडिओतले निम्मे प्लगइन क्रॅक केलेले, त्यानं लायसन्स हा शब्द माझ्या घरात काढावा! हेही बोललो. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "क्लायंट उद्या विचारतो कशावर केलं. मी काय सांगू? पत्र्याच्या डब्यावर?"

"क्लायंट आवाज ऐकणार की डबा बघणार?"

"क्लायंट डबाच बघतो. तुला अजून कळलं नाही?"

पेढ्यांचा पुडा घेऊन तो गेला. उरलेली गाणी मी पंधराशेनं केली. दिवाळी तोंडावर होती. बायको म्हणाली, चहाचे पैसे तरी कापून घ्यायचे.

दाजींना फोनवर सांगितलं तर त्यांना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. "गाळाची रेघ पुसली न्हाई व्हय तुम्ही? थिनर लावला की जाती!" मी तरीही पुसली नाही. हट्ट म्हणा.

कुणाला आता असलं मशीन बनवायची हौस आली असेल तर माझा सल्ला: नको. जून २०२५ मध्ये ॲपलनं जाहीर केलं की टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची मॅकओएस, आणि तिच्या यादीत २०१७ चा आयमॅक प्रो नाही. प्रोसेसर एकटा १२० वॉटचा, कार्ड १८५ चं, वीजबिल येतं ते वेगळंच. जुना सर्व्हरचा माल घ्यायचाच असेल तर लिनक्ससाठी घ्या आणि सुखानं झोपा. मॅक हवा असेल तर मॅक घ्या. मीही घेतला. एम४ चा मिनी, १६ जीबी, ५९,९०० रुपये. तळहातावर मावतो, आवाज करत नाही, खोली तापवत नाही. व्हिडिओ कॉलवर त्या गृहस्थाला तो दिसला आणि पुढचा संच आपोआप अडीच हजारावर गेला. पूर्वीचा फरक काही त्यानं दिला नाही, मीही मागितला नाही.

आणि तरीही सांगतो, काळ्या डब्यावर केलेली गाणी मला जरा भरदार वाटतात. मिनीवरची किंचित पातळ. असं होऊ शकत नाही, हे मीच त्याला साडेचार मिनिटं सिद्ध करून दाखवलं होतं. तरी वाटतं. शिवाय १६ जीबीत माझा तानपुरा अजूनही पुरा मावत नाही. म्हणून डबा टेबलाखालीच आहे, इंटरनेट काढून ठेवलेला. तानपुरा तो वाजवतो आणि त्याची वायर मिनीत येते. अडीच हजाराच्या गाण्यातला षड्ज त्या पत्र्यातूनच निघतो. क्लायंटला हे कुणी सांगायची गरज नाही.

गेल्या काही महिन्यांत नवीनच. एआयवाल्यांनी रॅम उचलल्यामुळे भाव कडाडलेत आणि जुन्या सर्व्हरच्या पट्ट्यांनाही गिऱ्हाईक आलंय. ज्याच्याकडून घेतल्या त्याच पुण्याच्या व्यापाऱ्यानं दाजींना निरोप धाडला: पट्ट्या असतील तर घेतल्या भावापेक्षा जास्त देऊन परत घेतो. दाजी म्हणतात, विका. मी विचारलं, विकल्यावर तानपुरा कुठं ठेवू? तर म्हणाले, "मिरजेचा खराच घ्या की मग."

किंमत विचारली आहे. रॅमच्या पैशात बसत नाही.