श्रीलंकेतील पावणेदहा तास

आपल्या वस्त्यांतून आता परदेशवारी होऊ लागली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पूर्वी बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करून आलेल्या माणसाचे विहारात पुष्प देऊन स्वागत व्हायचे. आता लुंबिनी, श्रीलंका, थायलंड अशा सहलींची पत्रके विहाराच्या फळ्यावर चिकटवलेली दिसतात. ‘पाच दिवस, चार रात्री, बारा स्थळे’ असा त्यांचा मथळा असतो. बारा स्थळे पाच दिवसांत बसतात कशी, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्ही पतिपत्नी २०२४ च्या जानेवारीत अशाच सहलीने श्रीलंकेला जाऊन आलो. जाऊ इच्छिणाऱ्या बंधू-भगिनींना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

लग्नाला पंचवीस वर्षे झाली होती. पत्नी अंगणवाडीत सेविका आहे. तिच्या भिशीचे पैसे आणि माझ्या फंडातून काढलेली रक्कम अशी जुळवाजुळव केली. मंगळवारी कार्यालय सुटल्यावर निघायचे, बुधवार-गुरुवार दोन दिवसांची किरकोळ रजा, शुक्रवारी २६ जानेवारीची सुट्टी आणि पुढे शनिवार-रविवार. रजेचा असा हिशोब मी तीन महिने आधीच मांडून ठेवला होता. त्यात विमान वेळेवर सुटेल हे गृहीत होते.

विमान रात्री दीडचे होते. आम्ही दहालाच विमानतळावर हजर. एक वाजता फलकावर ‘एक तास उशीर’ असे आले. दोन वाजता पुन्हा एक तास. मग तीन वाजता, चार वाजता तेच. एकदम सात तास सांगितले असते तर माणूस काही सोय तरी करतो. तासातासाने सांगितले की तो खुर्चीतच अडकतो. आमच्याबरोबर आखातात कामाला जाणारी चार मुले होती. त्यांना कोलंबोहून पुढचे विमान धरायचे होते. ती रडकुंडीला आली होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत. ठरावीक तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर कंपनीने खाणेपिणे द्यायचे, आणि रात्री आठ ते पहाटे तीन या वेळातले विमान सहा तासांपेक्षा जास्त रखडले तर मुक्कामाची सोयही करायची. मला हे ठाऊक होते. खिडकीवरच्या मुलीने “सर, वेट करा” एवढेच पालुपद लावले. शेवटी माझी जुनी सवय कामाला आली. वहीचे पान फाडून अर्ज लिहिला, एकोणतीस प्रवाशांच्या सह्या घेतल्या आणि पोच मागितली. पोच म्हटल्याबरोबर आतून एक अधिकारी बाहेर आला. मुक्कामाची सोय झाली नाही, पण नाश्ता आणि चहा मिळाला आणि त्या चार मुलांची पुढची तिकिटे बदलून मिळाली. सकाळी आठ चाळीसला विमान उडाले.

कोलंबोचा विमानतळ शहरात नाही, तीस-बत्तीस किलोमीटर उत्तरेला काटुनायके येथे आहे. पहाटे चारला पोचून दहापर्यंत अनुराधपूर गाठायचे आणि तो सगळा दिवस तिथे घालवायचा, असा मूळ बेत. आम्ही बाहेर पडलो साडेबाराला. गाडीचा चालक तिशीतला तरुण, इंग्रजी आणि थोडे हिंदी बोलणारा. त्याने पत्नीला पहिल्याच वाक्यात ‘अक्का’ म्हटले. सिंहलीतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात हे ऐकून तिचा शीण निम्मा उतरला. धाकट्या भावाला ते ‘मल्ली’ म्हणतात. पाच दिवस तो आमचा मल्ली.

मल्लीने सांगितले, “कार्यालयातून फोन आला आहे. उशीर झाला म्हणून अनुराधपूर रद्द, सरळ सिगिरिया.” मी काही बोलण्याआधी पत्नी म्हणाली, “मग मला इथूनच परत सोड. मी काय किल्ला बघायला आले का?” पुढच्या सीटवरून फोनाफोनी झाली आणि गाडी अनुराधपूरच्या रस्त्याला लागली. साडेपाच तास! दोन्ही बाजूंना नारळी, भातशेती, तलाव. आमच्या कोकणासारखेच सारे; फक्त फाट्याफाट्यावर काचेच्या पेटीत बुद्धमूर्ती.

रात्री सातला रुवनवेली स्तूपापाशी पोचलो. दिव्यांच्या उजेडात तो पांढरा घुमट असा उभा होता की दोघांच्याही तोंडून शब्द निघेना. दीक्षाभूमीचा स्तूप आपण सर्वांनी पाहिला आहे. तो आतून पोकळ आहे, त्यात शिरता येते. हा मात्र विटांनी भरीव, तीनशे फुटांहून उंच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात दुट्ठगामणी राजाने बांधायला घेतला आणि पूर्ण होण्याआधीच तो वारला. तासाभरात पत्नीने सावकाश तीन प्रदक्षिणा घातल्या.

दुसरा दिवस पौर्णिमेचा, म्हणजे पोयाचा. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी दारू आणि मांस विकले जात नाही. जानेवारीची दुरुथु पोया. तथागतांनी प्रथम लंकेला भेट दिली ती या पौर्णिमेला, अशी तिथली परंपरा सांगते. पहाटे पाचला आम्ही श्रीमहाबोधीकडे निघालो तेव्हा रस्ते पांढऱ्या वस्त्रांनी भरून गेले होते. म्हातारी माणसे, कडेवर पोरे घेतलेल्या बाया, शाळकरी मुली, हातात कमळे. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बुद्धगयेहून आणलेली ती फांदी देवानंपिय तिस्स राजाने इथे लावली. बावीसशे वर्षांहून अधिक काळ हा वृक्ष माणसांनी जपला आहे. माणसाने लावलेला आणि लावल्याचा काळ नोंदलेला इतका जुना वृक्ष जगात दुसरा नाही. आपल्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही याच वृक्षाच्या फांद्यांपासून वाढलेला आहे. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्या आणल्या. हे मी सांगितले तेव्हा पत्नी म्हणाली, “म्हणजे आपण याला नागपुरात बघितलंय.”

झाड फार मोठे नाही. फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले आहेत, भोवती सोनेरी कठडा आहे आणि फार जवळ जाता येत नाही. १४ मे १९८५ रोजी तमिळ बंडखोरांनी या शहरात गोळीबार केला, तेव्हा या आवारातही उपासक मारले गेले. आज तिथे पोलीस आहेत, तपासणी आहे. आमच्या मंडळातल्या अठ्ठावीस महिलांनी पत्नीजवळ नावांची यादी दिली होती. ती भिंतीला टेकून एकेक नाव मनात घेत बसली. बाविसाव्या नावाला मल्लीचा फोन आला. तिने तो बंद केला आणि उरलेली सहा नावे घेतली.

मिहिंतले मात्र राहिले. अनुराधपूरपासून तेरा किलोमीटरवरची ती टेकडी. महिंद थेरांची आणि तिस्स राजाची पहिली भेट तिथे झाली. पोयाच्या गर्दीत गाडी अडीच तास जागची हलली नाही. त्या अडीच तासांत काचेतून जेतवनाचा विटांचा स्तूप दिसत होता. एके काळी त्याची उंची चारशे फूट होती. प्राचीन जगात इजिप्तच्या दोन पिरॅमिडांनंतर त्याचाच क्रमांक लागे. आम्ही तो वाहतूक कोंडीत पाहिला.

दुपारी दंबुल्लाला पोचलो. कार्यक्रमाप्रमाणे आता सिगिरियाच्या बाराशे पायऱ्या चढायच्या, उतरायच्या आणि परत येऊन पाऊण तासात दंबुल्लाच्या गुंफा उरकायच्या. सिगिरिया जगप्रसिद्ध आहे हे खरे. बापाला मारून गादीवर बसलेल्या कश्यपाने पाचव्या शतकात त्या खडकावर महाल बांधला. पण पत्नीचे गुडघे आणि दुपारचे ऊन पाहता आम्ही तो कार्यक्रमातून काटला आणि दंबुल्लाला तीन तास दिले.

ते तीन तास म्हणजे या सहलीची खरी कमाई. पाच गुंफा, दीडशेहून अधिक बुद्धमूर्ती, छताचा खडक जिथे जसा वाकला आहे तसे त्यावर वाकलेले रंगकाम. पहिल्या गुंफेत खडकातच कोरलेली चौदा मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती. अजिंठ्याला आपण जातो तेव्हा तिकीट काढून वस्तुसंग्रहालयात गेल्यासारखे वाटते. इथे भिक्खू राहतात, दिवे लागतात, आजीबाई नातवाला हात जोडायला शिकवतात. वट्टगामणी नावाच्या राजाला शत्रूने हाकलले तेव्हा तो याच गुंफांत लपून राहिला, असे सांगतात. आत विष्णूचीही मूर्ती आहे. ते पाहून आपल्या माणसाला जरा चमकायला होते. आणखी एक गोष्ट जाणाऱ्यांनी माहीत करून घ्यावी. तिथल्या संघातही जात शिरलेली आहे. १७५३ साली सयामहून उपसंपदा आणून जो सियाम निकाय उभा राहिला त्यात एकाच वरच्या जातीला प्रवेश होता. म्हणून इतर जातींच्या भिक्खूंनी १८०३ मध्ये अमरपूर निकाय स्थापन केला. बौद्ध देश म्हणून आपण भारावून जातो, पण डोळे उघडे ठेवून भारावावे.

शुक्रवारी सकाळी कँडीकडे निघालो. वाटेत मातले येते आणि मातलेच्या अलीकडे अलुविहार. कार्यक्रमपत्रिकेत अलुविहार नव्हते. तिथे ‘मसाल्याची बाग, दीड तास’ असे होते. मी मल्लीला म्हटले, “बाग नको, अलुविहार दाखव.” तो गप्प झाला. मग खरे सांगितले. बागेच्या कागदावर शिक्का लागतो, शिक्क्यावर त्याची दलाली ठरते, पगार नावापुरता. २०२२ मध्ये देश दिवाळखोरीत गेला तेव्हा तो पेट्रोलच्या रांगेत दोन रात्री गाडीतच झोपला होता. घरी दोन लेकरे. पत्नी म्हणाली, “अहो, त्याचा शिक्का त्याला मिळू द्या. पाया पडायला थोडंच जायचंय.” बागेत वीस मिनिटे थांबलो, दालचिनीची एक पुडी घेतली, शिक्का झाला.

अलुविहारच्या गुंफा लहान आहेत, गर्दी नाही. पण त्रिपिटक प्रथम लेखी उतरले ते इथे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, त्याच वट्टगामणी राजाच्या काळात. त्याआधी सारे पाठांतर. युद्ध आणि दुष्काळात पाठ असणारे भिक्खूच मरू लागले, तेव्हा बुद्धवचन वाचवायला ते ताडपत्रावर लिहून काढले. १८४८ च्या मातलेच्या उठावात इंग्रजांच्या हातून इथल्या ग्रंथालयाचा फार मोठा भाग नष्ट झाला. आज तिथे पोथी लिहिण्याची रीत दाखवतात. शिजवून वाळवलेल्या ताडपत्रावर लोखंडी टोकाने अक्षरे कोरायची. तेव्हा काहीच दिसत नाही. मग तेलात कालवलेली काजळी चोळायची आणि पुसून काढायची. रेघांत भरलेली काळी अक्षरे तेवढी उरतात.

लिहिणाऱ्याने पत्नीला नाव विचारले. तिने स्वतःचे सांगितले नाही, आईचे सांगितले. सासूबाई शेतमजूर होत्या, आयुष्यभर अंगठा लावला. लिहिणाऱ्याला नाव नीट ऐकू येईना. तिने दोनदा, तीनदा, मोठ्याने सांगितले. सिंहली अक्षरे आम्हाला वाचता येत नाहीत. ती पट्टी आता घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली आहे.

कँडीला संध्याकाळच्या साडेसहाच्या पूजेला दंतधातूच्या विहारात होतो. त्या आधी एक तास रत्नांच्या दुकानात गेला, तो शिक्क्यासाठीच. ढोल वाजतात, वरच्या मजल्याचा दरवाजा उघडतो, रांग सरकते आणि करंडकासमोर माणसाला दोन-तीन सेकंद मिळतात. २५ जानेवारी १९९८ च्या बाँबस्फोटात या विहाराचा पुढचा भाग उद्ध्वस्त झाला होता. तो पुन्हा बांधला आहे. मला आठवत होते ते मे १९५०. जागतिक बौद्ध परिषदेची पहिली बैठक तेव्हाच्या सिलोनमध्ये भरली आणि बाबासाहेब तिला आले होते. धम्मदीक्षेला तेव्हा सहा वर्षे अवकाश होता. त्यांनी हा देश पाहुणा म्हणून नव्हे, पारख करायला पाहिला.

शनिवार बहुतेक रस्त्यातच गेला. बाटिकच्या दुकानात एक तास, केलनियाच्या विहारात पाऊण तास. परतीचे विमान अगदी वेळेवर सुटले.

बी.कॉम. झालेला माणूस हिशोब केल्याशिवाय राहत नाही. विमानात मी मांडला. जातानाच्या विमानतळावर पावणेअकरा तास, गाडीत साडेअठरा, दुकानांत दोन तास वीस मिनिटे. पाहण्यासारख्या स्थळी पावणेदहा तास. त्यातले तीन तास दंबुल्लाचे आणि दीड तास अलुविहारचा, आम्ही कार्यक्रम मोडून मिळवलेले. पत्नीने कागद पाहिला आणि म्हणाली, “मिहिंतलेचा रकाना मोकळा ठेवा.”

ज्यांना जायचे असेल त्यांनी पैसे भरण्यापूर्वी कार्यक्रम लेखी मागावा आणि कोणत्या स्थळी किती तास ते लिहून घ्यावे. दुकाने काढून टाका म्हणावे. चालकाची दलाली बुडते म्हणून त्याला तेवढी बक्षिसी वेगळी द्यावी. पहिला दिवस मोकळा धरावा. अनुराधपूर आणि मिहिंतले मिळून दोन दिवस, दंबुल्ला-अलुविहार-कँडी दोन दिवस, एवढेच पाच दिवसांत पुरते. पासपोर्ट जवळ बाळगावा. सार्क देशांतील प्रवाशांना बऱ्याच ठिकाणी तिकिटात सवलत मिळते. विहारात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला आणि टोपी काढावी लागते. दुपारी दगड तापतो म्हणून मोजे न्यावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये, तिथे तो अपमान समजला जातो. पोयाला जायचे असेल तर पांढरे कपडे न्यावेत आणि गाडीच्या भरवशावर न राहता मुक्काम स्तूपांपासून चालण्याच्या अंतरावर घ्यावा.