अंकी आणि अक्षरी

परवा रविवारी सकाळी नातू लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आला. "आजी, तुझे चष्मे लाव. चुका शोधायच्यात!" तेहतीस वर्षं वह्या तपासल्या, त्याचा हा म्हातारपणी मिळालेला मान.

त्याने एक छोटंसं पॅकेज केलंय. १ ते १०० मधला कुठलाही आकडा द्या, ते मराठीत अक्षरी लिहून देतं. एनपीएम नावाची एक सार्वजनिक रजिस्ट्री आहे. जावास्क्रिप्टवाले जगभर तिथून एकमेकांची पॅकेजेस उचलतात. प्रत्येक पॅकेजबरोबर पॅकेज.जेसन ही फाइल लागते. नाव काय, आवृत्ती कितवी, पेटीत कुठल्या फाइली भरायच्या, हे सगळं तिच्यात लिहायचं. फाइल मोठी सोवळ्याची! यादीतल्या शेवटच्या शब्दानंतर एक स्वल्पविराम जास्त पडला तरी नापास.

तर आदल्या रात्री त्याने आवृत्ती १.०.० प्रसिद्ध केली. पॅकेज.जेसन व्याकरणाने अगदी बिनचूक. सकाळी मित्राचा फोन, "अरे, चालतच नाही." पाहतो तर पेटीत भरायच्या यादीत शब्दांची फाइलच लिहायची राहिलेली! याच्या मशीनवर ती शेजारीच पडलेली होती, म्हणून याचं सगळं सुरळीत चालत होतं.

"मग परत घे आणि नीट करून त्याच नंबराने ठेव," मी म्हटलं.

"नाही जमत, आजी. एकदा वापरलेला आवृत्ती क्रमांक पुन्हा कधीच वापरता येत नाही." पॅकेज काढून टाकायचं तरी पहिल्या ७२ तासांत, आणि तेही दुसरं कुठलं पॅकेज त्यावर अवलंबून नसेल तर. त्यानंतरच्या अटी आणखी कडक. हे नियम का, तेही त्याने सांगितलं. मार्च २०१६ मध्ये एकाने आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यातलं लेफ्ट-पॅड नावाचं एक जेमतेम ११ ओळींचं होतं. पण ते नाहीसं होताच जगभर हजारो कामं अडली, आणि शेवटी रजिस्ट्रीवाल्यांनीच ते परत ठेवलं.

मला एकदम आमचं जनरल रजिस्टर आठवलं. तिथेही खाडाखोड चालत नसे. दुरुस्ती करायची तर वरून मंजुरी आणायची, लाल शाईने एकच रेघ मारायची, सही करायची. आणि जुनी नोंद खाली वाचता आलीच पाहिजे.

"मग आता १.०.१ पाठवण्याआधी काय काय तपासशील?" माझ्यातल्या बाई जाग्या झाल्या.

त्याने एक आज्ञा दिली. पेटी न पाठवता तिच्यात काय काय जाणार त्याची यादी पडद्यावर आली. शब्दांची फाइल या वेळी होती. पासवर्ड लिहून ठेवलेली फाइल चुकून जात नाही ना, तेही पाहिलं. मग त्याने ती पेटी एका रिकाम्या फोल्डरमध्ये उघडली. चाललं! "शंभर शब्द, एकही दोनदा नाही, सगळ्या चाचण्या पास," म्हणाला.

मी सहज म्हटलं, "एकोणसाठ विचार त्याला." त्याने ५९ टाकले. उत्तर आलं, एकोणपन्नास.

"पन्नास आहे ना त्यात, म्हणून मला वाटलं..." इंग्रजी माध्यमाचं लेकरू! ४९ आणि ५९ यांची अदलाबदल झाली होती. चाचणी तरीही पास कशी? कारण चाचणीतली उत्तरंही त्याने त्याच यादीवरून उतरवली होती.

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

१९८३ साली दहावीचे बोर्डाचे फॉर्म मी भरत होते. एका मुलीची जन्मतारीख रजिस्टरात ८ मे होती. माझ्या हातून दिवस आणि महिना उलटे पडले. ५ ऑगस्ट हीसुद्धा तारीखच, कोणाला खटकणार? अशा चुका पकडायला म्हणून तर शेजारी 'अक्षरी' रकाना असतो. तो मी भरला, पण रजिस्टरात न बघता, माझ्याच चुकीच्या आकड्यांवरून. अंकी आणि अक्षरी अगदी जुळले. पुढे एका प्रशिक्षणाच्या प्रवेशाला जुलैअखेर ठरावीक वय पूर्ण हवं होतं. माझ्या कागदाप्रमाणे ती पाच दिवसांनी कमी पडली. दुरुस्तीचा कागद हलेपर्यंत वर्ष गेलं, आणि त्या वर्षात घरच्यांनी तिचं लग्न उरकलं. नंतर एकदा बाजारात भेटली. "असू द्या हो बाई," म्हणाली. ते 'असू द्या' माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

हे मी नातवाला सांगितलं. तो काही बोलला नाही.

तारखेच्या जागी तारीख आहे का, हे यंत्र पाहील. ती याच मुलीची आहे का, हे मुळाशी जाऊनच पाहावं लागतं. आपल्याच नकलेशी नक्कल ताडली तर ती जुळणारच की!

शब्द तर मला तोंडपाठ आहेत. पण तारीखही मी अशाच भरवशावर लिहिली होती. म्हणून संध्याकाळी त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवून अंकलिपी आणवली. त्याने आकडा टाकायचा, पडद्यावरचं वाचायचं, मी पुस्तकात बोट ठेवून बघायचं. एक ते शंभर. पाऊण तास लागला. आणखी एक चूक निघाली, वेलांटीची.

रात्री त्याने १.०.१ पाठवलं. १.०.० मात्र त्याने काढलं नाही. 'हे वापरू नका' अशी सूचना जोडून तसंच ठेवलंय. लाल शाईची रेघच म्हणायची.