बोन ओदोरी आणि आम्ही चौघी

आपाच्या वर्सोव्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ, एक पंखा खिळ्याला अडकवलेला असायचा. गोल, कागदी, बांबूच्या काड्यांचा. एका बाजूला निळी लाट आणि दुसऱ्या बाजूला जपानी अक्षरं. ती अक्षरं म्हणजे कुठल्याशा बँकेची जाहिरात आहे, असं दुल्हाभाई सांगत. आपाच्या मिस्टरांना आम्ही सगळ्या दुल्हाभाईच म्हणायचो, वैनीसुद्धा. ते जहाजावर होते. कोकणातल्या मुसलमान घरांत जहाजी माणूस असणं काही नवलाचं नाही, पण दुल्हाभाई पाहिलेलं सांगत, आणि छान सांगत. कोबे बंदरात ऑगस्ट महिन्यातल्या एका रात्री तो पंखा त्यांच्या हातात कोणीतरी फुकट दिला होता. मैदानात मधोमध लाकडी मचाण, त्यावर मोठा ढोल, आणि भोवती सगळं गाव गोल फिरत नाचतंय. "कोणी कोणाचा हात धरत नाही, आणि कोणी चुकला तरी हसत नाहीत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आपा त्या पंख्याने निखारे फुलवून सुके बोंबील भाजायची.

आम्ही चौघी महापालिकेच्या एकाच शाळेच्या इमारतीत नोकरीला होतो. खाली मराठी माध्यम, वर उर्दू. आपा आणि धाकटी वरच्या मजल्यावर, वैनी खाली. आपा रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान, धाकटी मराठवाड्यातली, वैनी वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, घरची बोट असलेली. चौथी म्हणजे हे लिहिणारी. तिच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही, ती मराठी शिकवायची. जिन्यात सुरू झालेली मैत्री निवृत्तीनंतरही टिकली. संध्याकाळी सात बंगल्याच्या बाजूने समुद्रावर जायचं, भरती असेल तर कठड्यावर बसायचं, एवढाच कार्यक्रम.

मे २०२० मध्ये दुल्हाभाई गेले. त्या दिवसांत माणसं कशी गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगा आणि आणखी तिघं दफनाला होते. आपाला चेहरा दिसला नाही. मग चार महिने दहा दिवसांची इद्दत. "सगळी मुंबईच इद्दतीत बसलीय, मला वेगळं काय वाटायचं," असं ती फोनवर म्हणायची. पण तिला वेगळं वाटत होतं, ते आम्हाला कळत होतं.

आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. पाटी कुठे लावलेली नाही, पण जात नाहीत. पैगंबरसाहेबांनी कबरींवर जायला आधी मनाई केली आणि पुढे परवानगी दिली, असं हदीसमध्ये आहे. ती परवानगी बायकांनाही आहे की नाही, यावर उलेमांमध्ये वाद आहेत. वाद उलेमांचे आणि घरी थांबायचं आपाने. २०२१ ची शबे-बरात सरकारी नियमांमुळे सगळ्यांनीच घरात काढली. २०२२ मध्ये धुळवड आणि शबे-बरात एकाच दिवशी आली, १८ मार्चला. मुलगा रात्री कबरीवर जाऊन आला. आपाने चण्याच्या डाळीचा हलवा केला, फातेहा दिली. या रात्री गेलेली माणसं घराकडे येतात म्हणून तिची आई गावाला उंबऱ्यावर दिवा ठेवायची, ते तिने आम्हाला सांगितलं. धाकटी लगेच म्हणाली, "आपा, याला दीनमध्ये आधार नाही." वैनी रंग धुऊन पण कानामागे गुलाल तसाच ठेवून आली होती. तिने हलव्याची वाटी उचलली आणि म्हणाली, "आधार नसंल तर नसंल, हलवा चांगला झालाय."

आपाची लेक आणि जावई मलेशियात, कुआलालंपूरजवळ शाह आलम शहरात राहतात. (नाव ऐकून आम्हाला महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या तख्तावर सांभाळलेला तो आंधळा बादशहा आठवला. त्याचा या शहराशी संबंध नाही, पण इतिहास शिकवलेल्या माणसाची खोड जात नाही.) बकरी ईदला चौघींनीही या, असा लेकीचा आग्रह होता. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस मासेमारी बंद असते आणि बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, म्हणून वैनीलाही जमलं. लेकीने पुढे असंही कळवलं की ईदनंतरच्या शनिवारी इथे जपानी लोकांचा बोन ओदोरी आहे, अब्बा सांगायचे तोच नाच. आपाने त्यानंतर पासपोर्टची चौकशी स्वतः केली.

आणि जूनमध्ये तिकडे वाद पेटला. मलेशियाचे धर्मव्यवहार मंत्री इद्रिस अहमद यांनी मुसलमानांना या उत्सवाला जाऊ नका असा सल्ला दिला. त्यात दुसऱ्या धर्माचे अंश आहेत, असं त्यांचं म्हणणं. सलांगोर राज्याचे सुलतान शरफुद्दीन इद्रिस शाह यांनी मात्र उत्सव होईल असं सांगितलं, आणि मंत्र्यांनी स्वतः येऊन धर्म आणि संस्कृती यांतला फरक पाहावा, असंही सुनावलं. आपाच्या मुलाने मंत्र्यांची बातमी दाखवली. लेकीने सुलतानांची पाठवली. आपा दोन्हींच्या मध्ये.

मंत्री अगदीच हवेत बोलत होते, असं म्हणता येत नाही. 'बोन' हा शब्द उल्लंबन या संस्कृत नावाशी जोडला जातो, म्हणजे धागा आपल्याकडेच येतो. बुद्धांचे शिष्य मौद्गल्यायन, ज्यांच्या अस्थी सांचीला सापडल्या, त्यांना आपली मेलेली आई प्रेतलोकात भुकेने तळमळताना दिसली. बुद्धांच्या सांगण्यावरून त्यांनी भिक्षूंना अन्नदान केलं, आई सुटली, आणि ते आनंदाने नाचले. जपानी लोक त्या नाचाची आठवण सांगतात. उन्हाळ्यात पूर्वजांचे आत्मे घरी येतात, त्यांचं स्वागत करायचं आणि त्यांना परत पाठवायचं, असा तो सण. आता हे वाचल्यावर धाकटी गप्प झाली, कारण तिला हे मंत्र्यांच्या बाजूचं वाटलं. आपाही गप्प झाली, पण कारण दुसरं होतं.

सुलतानांचं वाक्य आम्हाला आवडलं, पण ते वाटतं तितकं सोपं नाही. विमानात वैनी म्हणाली, "धर्म येगळा नि संस्कृती येगळी, मग नारळी पुनवेला आमी दर्यात नारळ सोडतो तो कुठल्या खात्यात टाकायचा?" आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आलं नाही. आपण तिन्ही मुसलमान बायका कित्येक वर्षं त्या नारळाच्या मिरवणुकीत किनाऱ्यापर्यंत चालत गेलो आहोत. शाळेच्या कामाचा भाग म्हणून नव्हे, मैत्रिणीच्या घरचा सण म्हणून. तेव्हा आम्हाला कोणी खातं विचारलं नव्हतं.

१० जुलैला ईद झाली. आपाने तिथल्या तांदळाच्या पिठाची सांदणं केली, बरी झाली. १६ जुलैला, शनिवारी, आम्ही निघालो. क्रीडा संकुलाच्या बऱ्याच अलीकडे गाड्या अडकल्या होत्या. उतरून चालत गेलो. कोरोनामुळे दोन वर्षं उत्सव झाला नव्हता, आणि वादामुळे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं होतं. पन्नास हजारांहून जास्त माणसं आल्याचं दुसऱ्या दिवशी वाचलं. मनाई झाली की गर्दी होते, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

मैदानात मधोमध मचाण होतं आणि त्यावर ढोल होता. आपा ते पाहून जागच्या जागी थांबली. दुल्हाभाईंनी सांगितलं होतं तसंच. भोवती जपानी मुलं सुती युकातात, चिनी मुली, तमिळ कुटुंबं, आणि डोक्याला घट्ट रुमाल बांधून त्यावर लांब बाह्यांचा युकाता नेसलेल्या मलय पोरी. धाकटी त्यांच्याकडे बराच वेळ बघत होती. "नीट झाकलंय सगळं," एवढंच म्हणाली.

खाण्याच्या रांगेत आमचं वेगळंच भांडण झालं. ताकोयाकी म्हणून पिठाचे गोळे असतात, आप्प्यांसारख्या खळग्यांच्या तव्यावर परतलेले, आत ऑक्टोपसचा तुकडा. धाकटी हनफी, तिला माशाखेरीज समुद्रातलं काही चालत नाही. आपा कोकणी म्हणजे शाफई, तिला समुद्रातलं सगळं हलाल. मलय मुसलमानही शाफईच. आपा ऐटीत म्हणाली, "बघ, इथे माझा मजहब चालतो." वैनीने गोळा फोडून आत पाहिलं. "ह्ये तर आपल्या माकुलाचं भावंड." धाकटीने बर्फाचा गोळा खाल्ला.

मग ढोल वाजला आणि माणसं गोल फिरायला लागली. एक गाणं त्या संध्याकाळी दोन-तीनदा लागलं, 'तांको बुशी'. नाचाच्या हालचाली एवढ्या सोप्या की दोन फेऱ्यांत कळतात. फावड्याने दोनदा खणायचं, खांद्यावरून मागे टाकायचं, कपाळावर हात धरून बघायचं, वाकून गाडी ढकलायची, टाळी. हे क्यूशू बेटावरच्या कोळसा खाणीतल्या कामगारांचं गाणं, मीके खाणीचं नाव त्यात येतं. ती खाण १९९७ साली बंद झाली. १९६३ साली तिथे स्फोट होऊन ४५८ माणसं मेली होती. हे सगळं आम्ही नंतर वाचलं. तिथे मात्र वैनीने कोणी न सांगता ओळखलं. "हे काम हाय," ती म्हणाली. "आपण वल्हं मारतो, जाळं वढतो, तसं हे खणतात." आणि पदर खोचून ती गोलात शिरली. तिच्यामागे आम्ही. चौघींपैकी एकीचीही टाळी वेळेवर पडली नाही, आणि दुल्हाभाईंचं खरं होतं, कोणी हसलं नाही.

दमून कडेला बसलो तेव्हा जावयाच्या कार्यालयातली एक जपानी बाई भेटली. आपाने लेकीला मध्ये घालून तिला विचारलं, की गेलेल्या माणसांसाठी इथे काय करतात? कुठे करतात? ती बाई जरा गोंधळली. इथे तसं काही नाही, म्हणाली. १९७७ पासून हा उत्सव होतोय तो इकडे वाढणाऱ्या जपानी मुलांना आपला नाच माहीत असावा म्हणून. मग आपाचा चेहरा बघून तिने आपल्या आईच्या गावचं सांगितलं. तिथे काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याला पाय लावून गाय करतात. आत्म्याने घोड्यावर बसून लवकर घरी यावं, आणि जाताना गाईवर बसून सावकाश जावं.

आपाने ते लेकीकडून दोनदा भाषांतर करून घेतलं. "जाताना सावकाश," ती म्हणाली. मंत्र्यांना ज्याची भीती वाटत होती, ते आमच्यातली एकच बाई शोधत होती, आणि तिला ते त्या मैदानात सापडलं नाही. भीतीपोटी बातम्या करणाऱ्यांनी हेही लिहायला हवं होतं.

मगरिबची वेळ झाली. तिकडे जुलैत सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो. लेक आम्हाला सुरावमध्ये घेऊन गेली. सुराव म्हणजे नमाजची लहान खोली, तिथे बायकांची जागा असते आणि खुंटीला पांढरे तेलेकुंग टांगलेले असतात. त्या युकातातल्या पोरीही तिथे आल्या. घामेजलेल्या, हसत, वजू करून शेजारी उभ्या राहिल्या. वैनी दाराशी आमच्या चपला सांभाळत बसली. नमाज झाल्यावर त्यातल्या एकीने धाकटीचा हात धरून पुन्हा गोलात नेलं. धाकटी गेली. आपण यावर पुढे काही बोललो नाही, तीही बोलली नाही.

निघताना कोणीतरी आमच्या हातात पंखे दिले. गोल, पण प्लास्टिकच्या काड्यांचे, मागे जाहिरात. आपाने तिचा पंखा वारा घ्यायला वापरला नाही. पिशवीत कपड्यांच्या घडीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी लेकीची मलय शेजारीण आपल्या सासऱ्याच्या कबरीवर जाणार होती. चलता का, असं तिने सहज विचारलं. त्या बायका चटई, पाण्याची बाटली, यासीनचं छोटं पुस्तक घेऊन निघाल्या होत्या, जसं आपण समुद्रावर निघतो. आपा गेली. आम्ही गेलो नाही, तिने बोलावलं नाही. परत आल्यावर म्हणाली, "झाडं खूप आहेत. बायका बसतात. कोणी उठवत नाही."

२०२३ मध्येही धुळवड आणि शबे-बरात एकाच दिवशी आल्या, ७ मार्चला. संध्याकाळी आपाचा फोन आला, येताय का म्हणून. कुठे ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. धाकटीने काळा बुरखा घातला होता आणि तिच्या हातात गुलाबाच्या पाकळ्यांची पुडी होती. वैनीचे हात कोपरापर्यंत जांभळे होते. "निघंना रंग," म्हणाली. फाटकाबाहेर फुलं आणि अगरबत्त्यांच्या गाड्यांशी पुरुषांची गर्दी होती. लोक आमच्याकडे बघत होते, पण त्या रात्री सगळ्यांनाच घाई असते. रखवालदार फाटकात खुर्ची टाकून बसला होता.

"भाई, पाच मिनिटं," आपा म्हणाली.

त्याने आपाकडे पाहिलं. मग धाकटीकडे, मग वैनीच्या हातांकडे. काही बोलला नाही. उठला आणि खुर्ची जरा बाजूला ओढून घेतली.