अडथळा पडत नाही!

"तू मुंबईचा ना? मग होस्टेलवर कसा काय?" आणि "अरे, तुझी बॅच तर फायनल इयरला आहे ना?"

ह्या होस्टेलवर मला हे दोन प्रश्न इतक्या वेळा विचारले गेलेत की, दोन्हींची उत्तरं लिहून मेसच्या नोटीस बोर्डावर लावावीत असं वाटतं. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. कॅपच्या शेवटच्या राउंडला जे मिळालं ते घेतलं आणि बॅग भरून इकडे आलो. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे हा लेख. पण घाबरू नका, रडगाणं नाहीये! लेख आहे स्टीपलचेस धावणाऱ्या एका बाईबद्दल. माझा नंबर नंतर.

तर मित्रांनो, स्टीपलचेस. पेपरवाले ह्याला 'अडथळ्यांची शर्यत' म्हणतात आणि आपल्या डोळ्यांसमोर येतात त्या हर्डल्स. पण दोन्हींत मोठा फरक आहे. हर्डलला पाय लागला की हर्डल पडते आणि खेळाडू पुढे जातो. स्टीपलचेसचा अडथळा म्हणजे एक जाडजूड आडवी तुळई. वजन ८० ते १०० किलो. त्याला धडकलात तर तो जागचा हलत नाही, पडता तुम्ही! अंतर ३००० मीटर, म्हणजे ट्रॅकच्या साधारण साडेसात फेऱ्या. त्यात असे २८ अडथळे आणि शिवाय ७ वेळा पाण्याची उडी. अडथळ्याची उंची बायकांसाठी ७६.२ सें.मी. आणि पुरुषांसाठी ९१.४ सें.मी. पाण्याच्या उडीला अडथळ्यापलीकडे ३.६६ मीटर लांबीचा खड्डा असतो. तो अडथळ्याजवळ खोल आणि पुढे पुढे उथळ होत जातो. म्हणजे उडी जितकी लांब तितकं पाणी कमी. (मेकॅनिकलवाल्यांनी प्रोजेक्टाइल मोशन आठवावं. बाकीच्यांनी नुसतं इमॅजिन करावं.)

आता मला ह्या खेळाचं वेड कुठून लागलं ते सांगतो.

आमचं घर जोगेश्वरी पूर्वेला, मेघवाडीतल्या चाळीत. आण्णा अंधेरीच्या एमआयडीसीत लेथवर काम करतात. मूळचे साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. माण म्हटलं की दुष्काळ. उन्हाळ्यात गावी गेलो की आजी सगळ्यात आधी सांगायची, "पानी जपून वापर रं." तर ह्याच माण तालुक्यात मोही नावाचं गाव आहे आणि त्या गावातल्या एका शेतकरी कुटुंबात २ जून १९८९ ला ललिता बाबरचा जन्म झाला. शाळेत असताना ती खो-खो खेळायची. मग लांब पल्ल्याचं धावणं सुरू झालं. २००५ मध्ये पुण्यात वीस वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. पुढे रेल्वेत नोकरी लागली आणि मग मुंबई मॅरेथॉन. २०१२, २०१३ आणि २०१४, ओळीने तीन वर्षं भारतीय महिलांमध्ये पहिली!

तिसऱ्या वर्षी आण्णा मला बघायला घेऊन गेले होते. मी तेव्हा नऊ वर्षांचा. रविवारी पहाटे जोगेश्वरीहून स्लो लोकल पकडून माहीमला उतरलो आणि रस्त्याच्या कडेला थंडीत उभे राहिलो. ती समोरून गेली तेव्हा आमचे आण्णा, जे एरवी दिवसभरात दहा वाक्यं बोलत नाहीत, ते जोरात ओरडले, "चल गं, आमच्या माणची वाघीण!" तिला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. मला मात्र लाज वाटली, कारण सगळे आमच्याकडे बघत होते.

आणि आता खरी गंमत. ह्या हॅट्‌ट्रिकनंतर लगेच तिने आपलं लक्ष मॅरेथॉनवरून स्टीपलचेसवर वळवलं! विचार करा. वय चोवीस, ज्या गोष्टीत सगळ्या मुंबईने तुम्हाला डोक्यावर घेतलंय ती बाजूला ठेवायची आणि अडथळे नि पाण्याचा खड्डा असलेल्या शर्यतीत नव्याने उतरायचं. कारण तिला मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पदक हवं होतं. ४२ किलोमीटरवरून ३ किलोमीटरवर येणं म्हणजे थर्मल पॉवर स्टेशनकडे बाइकचा पिकअप मागण्यासारखं आहे. त्यात वर अडथळे! बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव ह्यांच्या हाताखाली तिचा सराव झाला. त्याच वर्षी, २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तिने ९ मिनिटं ३५.३७ सेकंदांत कांस्यपदक मिळवलं, राष्ट्रीय विक्रमासह. २०१५ मध्ये वुहानला आशियाई अजिंक्यपद, ९:३४.१३. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी आणि आठवा नंबर. मॅरेथॉनही पुरती सुटली नव्हती बरं का, २०१५ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ती भारतीय महिलांत दुसरी आली होती.

मग आलं २०१६ चं रिओ ऑलिंपिक. प्राथमिक फेरीत तिने ९:१९.७६ वेळ देऊन स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला आणि अंतिम फेरी गाठली. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर तब्बल ३२ वर्षांनी एक भारतीय महिला ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक प्रकारातल्या अंतिम शर्यतीला उभी राहिली. आणि तारीख कोणती? १५ ऑगस्ट!

सकाळी चाळीत झेंडावंदन झालं होतं. संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत अर्धी चाळ बसली होती. मी बारा वर्षांचा, सगळ्यात पुढे. पहिल्या पाण्याच्या उडीला मी बघितलं की, त्या बायका तुळईवर चक्क पाय ठेवतायत आणि मग पुढे झेप घेतायत. मी ओरडलो, "आण्णा, चीटिंग! त्या पाय ठेवतायत!" आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनाही नियम माहीत नसावा.

ललिता दहावी आली. वेळ ९:२२.७४. पहिल्या आलेल्या बहारीनच्या रूथ जेबेटची वेळ होती ८:५९.७५. शेजारचे काका म्हणाले, "दहावी? म्हणजे मेडल नाय?" आणि उठून गेले. आण्णा टीव्हीकडे बघतच म्हणाले, "आपल्याकडं प्यायाला पानी न्हाय आन् पोरगी पान्यावरनं उड्या मारती. आनखी काय पायजे?"

इथे पहिला भाग संपला. आता माझा नंबर.

सगळ्यांना माहीतच आहे, पहिल्या वर्षाचा विषय राहिला तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. माझा एम-टू राहिला होता. पहिल्यांदा राहिला तेव्हा हसलो. दुसऱ्यांदा राहिला तेव्हा 'पेपर चेकिंग कसं होतं तुला माहितीये ना' असं सगळ्यांना सांगितलं. २०२४ च्या जुलैमध्ये रिझल्ट लागला, एम-टू तसाच उभा होता आणि मी आडवा. वायडी! मी घरीच होतो. पण आण्णांना सांगितलं की, कॉलेज यंदा उशिरा सुरू होणार आहे. तीन आठवडे मी ही थाप चालवली. रोज रात्री आण्णा ओव्हरटाइम करून यायचे. हाताला ऑइलचा वास. ते जेवायला बसले की माझ्या घशाखाली घास उतरत नसे. ओव्हरटाइम कशासाठी होता ते मला माहीत होतं ना!

त्याच दिवसांत पॅरिस ऑलिंपिक आलं. ह्या वेळी स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत होता अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, म्हणजे तोही दुष्काळी भागातलाच. शेतकऱ्याचा मुलगा. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला आणि धावायला लागला तो नंतर सैन्यातच. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनींचा ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळेत रौप्य, सुवर्ण हुकलं फक्त ०.०५ सेकंदाने! २०२३ मध्ये हांगझाउच्या आशियाई स्पर्धेत मात्र सुवर्ण. आणि आता ऑलिंपिकच्या ह्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष.

७ ऑगस्टची रात्र संपून एक वाजून गेला होता. आई झोपली होती. आवाज बारीक करून मी आणि आण्णा बघत होतो. अविनाश अकरावा आला, ८:१४.१८. पण शेवटच्या फेरीत जे झालं ते मी विसरू शकत नाही. इथिओपियाचा लमेचा गिरमा, ज्याच्या नावावर ह्याच शर्यतीचा जागतिक विक्रम आहे, तो अडथळ्याला अडकला आणि डोक्यावर पडला. शर्यत संपली तरी तो उठला नाही. स्ट्रेचरवरून नेला त्याला. (नंतर तो बरा झाला.)

खोलीत एकदम शांतता. मला काय झालं कोण जाणे, पण मी बोलून गेलो, "आण्णा, माझं वर्ष गेलं."

आण्णांनी टीव्ही बंद केला. "किती विषय?"

"एकच. पण त्याच्यावर सगळं अडलंय."

"कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता भडकणार. मग म्हणाले, "आत्ता त्यो जगात भारी मानूस पडला. साऱ्या जगानं बघितला. त्याला लपवता आलं का? मग तू कुनापासनं लपवतुयास?" आणि झोपायला गेले. मी तसाच अंधारात बसलो. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "आन् त्ये पाय ठेवत्यात ना, त्ये चीटिंग न्हाय. मी इच्चारलं हुतं तवा वर्कशॉपातल्या एकाला. चालतंय त्ये."

आठ वर्षांपूर्वीचं माझं वाक्य त्यांच्या लक्षात होतं!

खरंच चालतं ते. मी नंतर नियम वाचले. अडथळ्यावरून उडी मारा किंवा त्याच्यावर पाय ठेवून जा, दोन्ही मान्य आहे. ललिताने तेच केलं होतं आणि पाण्याच्या उडीला जवळजवळ सगळेच तेच करतात. थोडा वेग कमी होतो, पण पडण्यापेक्षा ते बरं. फक्त बाजूने वळसा घालून जायचं नाही. आणि मी दोन वर्षं नेमकं काय करत होतो? एकतर वळसा (म्हणजे ऑप्शनला टाकणं) किंवा पेपरच्या आदल्या रात्री एकदम उंच उडी! एम-टू काही हर्डल नाही, धक्का दिला की पडायला.

ते वर्ष मी जोगेश्वरीतच काढलं. पहाटे चाळीत नळाला पाणी यायचं तेव्हा उठायचो, ड्रम भरायचो आणि आरेच्या रस्त्यावर पळायला जायचो. खरं कारण सांगू? सकाळी लवकर बाहेर पडलं की, शेजारचे काका 'कॉलेज नाय काय?' विचारायला भेटत नाहीत! जाता-येता जेव्हीएलआरवर मेट्रोच्या कामाचे बॅरिकेड्स, त्यामुळे स्टीपलचेसचा सराव आपोआपच. (पाण्याची उडी जुलै-ऑगस्टमध्ये.) दुपारी आण्णांच्या वर्कशॉपमध्ये हाताखाली काम आणि रात्री एम-टू. एका रात्री एकच प्रकारचं गणित. ट्रिपल इंटिग्रलच्या लिमिट्स काढायला मला बावीस दिवस लागले. पाय ठेवला, मग पुढे गेलो. विषय निघाला. किती मार्कांनी ते विचारू नका, काठावर. तुळईला पाय लागलाच!

आता कोणी म्हणेल, कुठे ती ललिता बाबर आणि कुठे तू. अगदी बरोबर. तिने जिंकत असलेली वाट स्वतःहून बदलली, मला ढकलून थांबवलं गेलं. तिची बरोबरी करायचा विचारही नाही. मला एवढंच दिसतं की, दहाव्या नंबरावर तिची गोष्ट संपली नाही. पुढे राज्य सरकारने तिला उपजिल्हाधिकारी केलं. तिची रिओतली वेळ सात वर्षं राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली. २०२३ मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीने ९:१५.३१ वेळ देऊन तो मोडला. आणि अविनाश? २०२५ च्या मे महिन्यात गुमीला आशियाई सुवर्ण जिंकला आणि जुलैत मोनाकोला पाण्याच्या उडीला पडला. गुडघ्याचा लिगामेंट गेला, मुंबईत ऑपरेशन झालं. म्हणजे चॅम्पियन झालं तरी अडथळा ओळख ठेवत नाही. पुढच्या फेरीला तो तिथेच, तेवढ्याच उंचीचा.

ह्या वर्षी आपल्या होस्टेलवर ज्यांचं वर्ष गेलंय त्यांच्यासाठी फक्त दोन गोष्टी. एक, घरी आजच फोन करा. आपण समजतो त्यापेक्षा घरच्यांना जास्त कळतं, फक्त ते बोलत नाहीत. आणि दोन, माझ्याकडे एम-टूची पाच रजिस्टरं आहेत, बावीस दिवसांच्या लिमिट्ससकट. रात्री मेस सुटल्यावर मी टेरेसवर असतो. घेऊन जा. परत मात्र आणून द्या!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी
(एक वर्ष उशिरा, पण आलो!)