रांगेतले दिवस

बडोद्यातील आपल्या जुन्या घरांना कारखाना परका नाही. १८९० साली कलाभवन निघाले. १९०७ साली अलेम्बिक उभी करणाऱ्यांत गज्जर आणि अमीन यांच्या जोडीला आपले कोटिभास्करही होते. माझे वडील कलाभवनातून शिकले, आणि मी मकरपुऱ्यातील पंपांच्या एका कारखान्यात नियोजन विभागात आयुष्य काढले.

गिऱ्हाइकास तारीख कळविणे हे माझे काम. मंदीत पंप चार आठवड्यांत जाई, म्हणून भरभराटीतही मी चारच आठवडे लिहीत असे. बोअरिंग मशीन एकच. ते क्षणभरही रिकामे नसले की वरिष्ठ खूष. ओतकाम आले रे आले की मी ते शॉपमध्ये सोडी. लवकर सुरू केलेले लवकर संपेल, असा माझा (आता हसू येते) हिशेब. पंपाला मात्र अकरा-अकरा आठवडे लागू लागले.

एका उन्हाळ्यात एका गावच्या पाणीपुरवठ्याचा पंप असाच अडकला. मशीनवर दांडिया बाजारातले एक वयस्क गृहस्थ होते. सारे त्यांना काका म्हणत. सर्वांदेखत मी बोलून गेलो, "काका, हात मंदावला तुमचा." त्यांनी खिशातून छोटी वही काढली. "अहो, हे पाहा तरी. मशीनवर एक दिवस, मशीनपाशी पडून अठरा-वीस." मी वही हातीसुद्धा घेतली नाही.

निवृत्तीनंतर वाचनात आले, की कोपनहेगनच्या टेलिफोनच्या रांगांचे गणित एर्लांगने १९०९ सालीच मांडले होते. कामे वेळी-अवेळी येतात, प्रत्येकास कमी-अधिक वेळ लागतो. रिकामा गेलेला तास पुढच्या गर्दीला उसना देता येत नाही. सरासरी एका दिवसाचे काम असेल, तर यंत्र ८० टक्के गुंतलेले असताना साधारण चार दिवस थांबावे लागते, ९० टक्क्यांना नऊ, आणि ९५ टक्क्यांना एकोणीस! जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम तर त्याहून सोपा: शॉपमध्ये साठ कामे असतील आणि रोज तीन बाहेर पडत असतील, तर सरासरी मुदत वीस दिवस. म्हणजे मी जितकी ओतकामे आत लोटली, तितकी रांग मीच लांबवली.

संक्रांतीस तिळगूळ घेऊन काकांकडे गेलो आणि ती वही मागितली.

"रद्दीत गेली असेल," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्या गावचा पंप गेला होता का हो वेळेवर?"

"पाऊस लागल्यावर गेला," मी म्हणालो.