वीस नखांचे कासव

पूर्व विदर्भातील नदीकाठच्या माणसाच्या आयुष्यात कासव पुन्हा पुन्हा येते आणि वयाच्या प्रत्येक टप्प्यावर त्याचा अर्थ बदलतो. लहान मुलाला ते सशाशी पैज लावणारे म्हणून ठाऊक होते. जरा मोठे झाल्यावर देवळाच्या सभामंडपात जमिनीत बसवलेल्या दगडी कासवाला हात लावून नमस्कार करण्याचे वळण लागते. पोहायला शिकण्याच्या वयात डोहाच्या कडेला ते जिवंत दिसते. आणि हातात पैसा खेळू लागला की तेच कासव विकत घेऊन घरात ठेवण्याजोगे वाटू लागते. जे जितके दुर्मीळ तितके ते हवेसे वाटते, आणि हवेसे वाटते म्हणूनच ते अधिक दुर्मीळ होत जाते. या दुष्टचक्राचा विचार सिरोंच्याच्या परिसरात करणे सयुक्तिक ठरते, कारण तेथे कासवांचा इतिहास माणसांच्या इतिहासापेक्षा फार जुना आहे.

वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन झालेली प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. याच प्राणहितेकाठच्या कोटा या गावाचे नाव भूवैज्ञानिकांनी तेथील ज्युरासिक काळातील खडकांच्या थरांना दिले असून, त्या थरांत सापडलेल्या एका कासवाच्या जीवाश्माचे ‘इंडोकेलिस’ या नावाने 2000 मध्ये वर्णन प्रसिद्ध झाले. ज्युरासिक काळातील कासवाची ती भारतातील पहिली नोंद होय. डायनोसॉर नाहीसे झाले, खंड सरकले, नद्यांनी पात्रे बदलली, तरी कासवांचे कुळ मात्र टिकून राहिले.

द्वीपकल्पातील नद्यांच्या या कासवांपैकी सर्वांत संकटात असलेले कासव म्हणजे लीथचे मऊ पाठीचे कासव. इतर कासवांच्या पाठीवर असतात तसे कठीण खवले त्याच्या पाठीवर नसतात, तर हाडांच्या कवचावर जाड कातड्याचे आवरण असते. पिल्लाच्या हिरवट पाठीवर डोळ्यांसारखे चार ते सहा गोल ठिपके असतात आणि वाढत्या वयाबरोबर ते पुसट होत जातात. असे कासव उथळ पाण्याच्या तळाशी वाळूत स्वतःला पुरून घेते आणि श्वासासाठी लांब मान वर काढून नाकाचे निमुळते टोक तेवढे पाण्याबाहेर आणते, त्यामुळे काठावर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. 2022 च्या नोव्हेंबरात पनामा येथे झालेल्या ‘साइट्स’ परिषदेत, म्हणजे वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या बैठकीत, भारताच्या प्रस्तावावरून या कासवाचा समावेश सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या परिशिष्टात करण्यात आला.

दुर्मीळतेचा हव्यास विदर्भात आणखी एका रूपात आढळतो. वीस नखांचे कासव घरात असले की धनलाभ होतो, किंबहुना त्याच्या साहाय्याने पैशांचा पाऊस पाडता येतो, अशी समजूत भोंदूंनी पसरवली असून त्यापायी कासवे पकडली आणि विकली जातात. वास्तविक मऊ पाठीच्या कासवांच्या प्रत्येक पायाला तीनच नखे असतात, म्हणजे एकूण बारा; तलावांत आढळणाऱ्या काळ्या कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, म्हणजे एकूण अठरा. वीस ही संख्या या दोन्हींच्या हिशेबात बसत नाही, आणि नेमकी न बसणारी संख्या सांगितल्यामुळेच शोध कधी संपत नाही व दलालाचा धंदा चालू राहतो. नखे मोजण्यासाठी उलथीपालथी केलेली आणि मोजणीत न बसलेली कासवे परत नदीत जातात असेही नाही.

कायद्याची भूमिका या बाबतीत स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये नदीतील वा तलावातील देशी कासव पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरात बाळगणे हा गुन्हा ठरतो. मागचे पाय आत घेतल्यावर ते कातड्याच्या झडपांनी झाकून घेणारे, शेततळ्यांतही दिसणारे कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान 25 हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

देशी कासवांना असे संरक्षण असल्याने शहरी दुकानांतून जे कासव उघडपणे विकले जाते, ते बहुधा कानशिलावर लाल पट्टा असलेले अमेरिकी कासव असते. ते मिसिसिपी खोऱ्यातील; विकत घेताना दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा किंचित मोठे असते आणि काचेच्या पेटीत शोभून दिसते. पुरेसे ऊन किंवा अतिनील किरण मिळाले नाहीत तर त्याच्या शरीरात चुना साठत नाही आणि कवच मऊ पडून वाकते, कारण कवच हे काढघाल करण्याचे झाकण नसून कणा आणि बरगड्या यांच्याशी एकजीव झालेला सांगाडाच असतो. त्याच्या अंगावरील साल्मोनेला जीवाणूंमुळे मुले आजारी पडत असल्याने अमेरिकेने 1975 मध्येच चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची पाळण्यासाठी होणारी विक्री थांबवली. नीट सांभाळलेले कासव वीस-तीस वर्षे सहज जगते. ज्या मुलाच्या हट्टापायी ते आणले, ते मूल शिक्षणासाठी नागपूरला जाते, नोकरीला लागते, आणि ताटाएवढे झालेले कासव मागे राहिलेल्या आईवडिलांच्या गळ्यात पडते. मग पुण्य म्हणून ते जवळच्या तलावात सोडले जाते, जिथे ते देशी कासवांच्या अन्नावर आणि ऊन खाण्याच्या जागांवर हक्क सांगते.

कासवाचे जगण्याचे गणित सावकाशीवर उभे आहे: अंडी आणि पिल्ले मोठ्या प्रमाणात नष्ट होतात, वयात यायला बरीच वर्षे लागतात, आणि हा तोटा प्रौढ मादी दीर्घकाळ अंडी घालून भरून काढते. त्यामुळे नदीतून उचललेली एक प्रौढ मादी म्हणजे तिच्या पुढील अनेक वर्षांच्या विणी गमावणे होय. पेटीतील कासव मालकाच्या दृष्टीने जिवंत असले तरी, पुनरुत्पादनाच्या साखळीतून ते बाहेर पडलेले असल्याने, त्याच्या जातीच्या दृष्टीने मेल्यातच जमा असते. दुर्मीळ कासव पैसे मोजून मिळवता येते, परंतु ज्या दुर्मीळतेसाठी ते पैसे मोजले जातात, तिच्यात भर पडते ती त्याच खरेदीने. हे ध्यानात आले तर नदीकाठच्या माणसाला कासव जपण्यासाठी वाळू आणि वाहते पाणी शाबूत ठेवण्याखेरीज दुसरी मालकी लागत नाही.