तोंडीचे तीन गुण

अकरावीचा वर्ग पहिल्यांदा लॅबमध्ये येतो तेव्हा मी मुलांना दोन नियम सांगते. पहिला, दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. शेजाऱ्याचं अडलं तर जरूर मदत करा, पण तोंडाने. "तिसऱ्या ओळीत बघ, कोलन राहिलाय" एवढं म्हणा. त्याला बाजूला सारून तुम्हीच टाइप करायला लागलात तर प्रोग्राम चालेल, पण शेजारी होता तिथेच राहील. दुसरा नियम, एरर आली की ती मोठ्याने वाचायची आणि मगच मला हाक मारायची. लाल अक्षरं दिसली की मुलं वाचायचंच थांबवतात आणि "मॅम, चालत नाहीये" म्हणतात. खरं तर काय बिघडलं ते पायथॉनने शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं, वर ओळीचा नंबरही असतो.

मी सीबीएसईच्या अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स शिकवते. बारावीला लेखी ७० गुणांची आणि प्रॅक्टिकल ३० गुणांचं. त्या तिसांत लॅब टेस्टला १२, प्रोजेक्टला ८, फाइलला ७ आणि तोंडीला ३. ही फोड मुलांना तोंडपाठ असते, पालकांनाही. त्यामुळे जीव ओतला जातो तो फाइलवर. पायथॉनचे किमान पंधरा प्रोग्राम, एसक्यूएलच्या क्वेरी, दोन्ही जोडणारे चार प्रोग्राम, आखलेले समास, चिकटवलेली आउटपुट. दिसायला फाइल देखणी असते. पण ती कुणाच्या डोक्यातून उतरली हे तिच्यावरून कळत नाही. एका मुलाने व्हेरिएबलला आपल्या कुत्र्याचं नाव दिलं होतं, मोती. पुढे तोच मोती वर्गातल्या आणखी काही फायलींत सापडला. आता तर मोबाइलवर प्रश्न टाकला की मिनिटभरात बिनचूक प्रोग्राम मिळतो.

म्हणून सरावाच्या तोंडीत मी व्याख्या विचारत नाही. मुलाचाच प्रोग्राम त्याच्यासमोर उघडते आणि एक बदल करायला सांगते. सीएसव्ही फाइलमध्ये प्रत्येक नोंदीनंतर एक रिकामी ओळ का येतेय? फंक्शनमधलं रिटर्न एक पायरी आत सरकवलं तर काय होईल? हा रिटर्नचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण बोर्डाच्या पेपरात मुलं पायथॉन हाताने लिहितात. 'वाक्यात स्वर किती' हे मोजणाऱ्या फंक्शनमध्ये रिटर्न लूपच्या आत गेलं की पहिलं अक्षर तपासून फंक्शन परत फिरतं. मशीनवर हे लगेच उघडं पडतं. उत्तरपत्रिकेत फरक असतो बोटभर जागेचा, आणि तपासणाऱ्याला ठरवावं लागतं की मुलाला कळलं नव्हतं की हात सरकला. समोर मूल असेल तर हा प्रश्न एका वाक्यात सुटतो.

एक शांत मुलगी आठवते. तिच्या प्रोग्रामला एरर येत नव्हती, पण दर वेळी चालवला की आधीच्या नोंदी गायब. फाइल तिने डब्ल्यू मोडमध्ये उघडली होती, आणि त्या मोडमध्ये उघडताक्षणी जुना मजकूर पुसला जातो. तिने कुणाला विचारलं नाही. प्रोग्राम एकेक ओळीने पुढे नेला आणि दर ओळीनंतर फाइल नोटपॅडमध्ये नव्याने उघडून बघत राहिली. अखेरीस डब्ल्यूच्या जागी ए घातला. प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये तिने उतरवला तो फक्त दुरुस्त प्रोग्राम. सात गुण मिळाले ते त्याचे, त्याआधीच्या शोधाला कुठे रकानाच नाही.

प्रोजेक्टचा भाग अभ्यासक्रमात मात्र फार चांगला मांडलेला आहे. दोघा-तिघांचा गट करा, सहा महिने आधी सुरुवात करा, आसपासच्या व्यावसायिकांना भेटून त्यांची अडचण विचारा. तरीही बहुतेक गट हॉटेल मॅनेजमेंट नाहीतर लायब्ररी मॅनेजमेंट तयार उचलतात. एका गटाने मात्र गल्लीतल्या दूधवाल्या काकांना गाठलं. काकांची लांबट वही होती, घरटी एक पान. मुलांनी टेबल केला: नाव, रोजचं दूध, भाव, आणि तिसाने गुणून बिल काढलं. काकांनी बघितलं आणि विचारलं, "आणि खाडे कुठं टाकायचे?" मुलं परत आली, खाड्यांचा वेगळा टेबल केला. पुढच्या खेपेला काका म्हणाले, भाव महिन्याच्या मध्येच वाढतो. मग कोणत्या तारखेपासून कोणता भाव, याचा तिसरा टेबल आला. वर्गात शिकवलेली प्रायमरी की आणि फॉरेन की त्या तीन टेबलांत त्यांना पहिल्यांदा खरोखर लागली.

सरावाच्या तोंडीत मी विचारलं, "सणाला एखाद्या घरी अर्धा लिटर जादा घेतलं तर?" गटातला मुलगा थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. म्हणाला, "मॅम, आमच्याकडे फक्त खाडे आहेत. पण खाड्याच्या जागी फरक लिहिला तर? कमी घेतलं तर उणे, जादा घेतलं तर अधिक. मग नवा टेबल नको." गटातल्या दोन्ही मुली लगेच कॉलमचं नाव बदलायला लागल्या.

त्या प्रोजेक्टला रंग नव्हते, चित्रं नव्हती. काळ्या पडद्यावर एक ते पाच आकड्यांचा मेन्यू, बस. तयार उचललेलं हॉटेल दिसायला कितीतरी झगझगीत होतं. असा विचार करून दाखवायला बोर्डाच्या तिसांत हक्काची जागा एकच, तोंडीचे तीन गुण. मला हे प्रमाण चुकीचं वाटतं. फाइलचे चार गुण काढून तोंडीला द्यावेत, असं मी शिक्षकांच्या बैठकीत मांडत आले आहे. मोठा वर्ग असला की तोंडीला वेळ पुरत नाही, ही अडचण खरी आहे. पण मग वेळ वाढवून द्यायला हवा.

बोर्डाची फोड माझ्या हातात नाही, अकरावीची घटक चाचणी आहे. तिचा अर्धा पेपर मी मोडक्या प्रोग्रामचा काढते. दहा-बारा ओळी, दोन चुका. एक पायथॉन स्वतःच दाखवतो. दुसरी दाखवत नाही. प्रोग्राम चालतो, उत्तरही येतं, पण रेंज एकाने कमी पडल्यामुळे शेवटच्या मुलाचे गुण बेरजेतून सुटलेले असतात. दुसरीला गुण जास्त. आणि ती कशी सापडली, हे खाली दोन वाक्यांत लिहायचं, मराठी, हिंदी, इंग्रजी, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. त्या दोन वाक्यांनाही गुण आहेत.